खेळातून बोलणारी मुले



सोमवारी शाळेच्या वेळेलाच पोट दुखते. अंथरूण ओले करायचे कधीच थांबलेले मूल पुन्हा ओले करू लागते. आजोबा गेल्यापासून मुलगी धाकट्या भावाला चिमटे काढते. आपण म्हणतो, "नाटकं आहेत सगळी." मग धपाटा मिळतो, नाहीतर चॉकलेट. "काय झालं ते सांग ना!" असे विचारले की मूल गप्प. सांगायला त्याच्यापाशी शब्दच नसतात. सहा वर्षांच्या मुलाला 'मला एकटं वाटतं' हे वाक्य सुचत नाही. खेळताना मात्र ते बरेच काही सांगून जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाईन यांनी १९४७ साली 'प्ले थेरपी' या पुस्तकात खेळातून उपचाराची पद्धत मांडली. मूल आहे तसे स्वीकारायचे, खेळात पुढे त्याने जायचे, आपण मागून; त्याच्या भावना ओळखून त्याला बोलून दाखवायच्या आणि घाई करायची नाही. १९६४ साली त्यांनी डिब्ज या टोपणनावाने एका मुलाची हकीकत लिहिली. शाळेत तो टेबलाखाली लपून बसे. मोठ्यांना तो मंदबुद्धी वाटे. खेळाच्या खोलीत त्याने खेळण्यातल्या शिपायाला 'पप्पा' म्हणून वाळूत पुरले. बाईंनी त्याला रागावले नाही. पुढे तपासणी झाली तेव्हा तो विलक्षण बुद्धिमान निघाला.

आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे ते बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याचे काम. १९६० च्या दशकात त्यांनी विचार केला, की समुपदेशक मुलाला आठवड्यातून तासभर भेटणार, आईबाप तर रोजचे. मग हे कौशल्य आईबापांनाच का शिकवू नये? यातून पालकांचे वर्ग सुरू झाले. गॅरी लँड्रेथ यांनी पुढे त्याचा दहा बैठकांचा अभ्यासक्रम केला. साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ही पद्धत आहे.

रीतसर उपचार जाणकाराच्या देखरेखीखालीच होतात. पण त्यातली मुख्य गोष्ट घरी करता येते. आठवड्यातून एक ठरलेला अर्धा तास, एकाच मुलासाठी, मोबाईल बंद. वेगळ्या खोक्यात थोडी खेळणी ठेवा : बाहुल्या, जनावरे, मातीचा गोळा, खडू, भातुकली, डॉक्टरचा संच. महागडे काही नको. बॅटरीवर नाचणारी खेळणी तर मुळीच नकोत, कारण तिथे मुलाला करायला काही उरत नाही.

या अर्ध्या तासात शिकवायचे नाही, हेच सर्वांत अवघड! गाय निळी रंगवली तर रंगवू द्या. "छान" म्हणण्यापेक्षा "तू आकाश सगळं काळं केलंस" एवढेच म्हणा. बाहुली आपटली तर "असं करू नये" ऐवजी "फार राग आलाय तिचा" म्हणा. मूल तुम्हालाच मारू लागले तर मात्र थांबवायचे : "तुला राग आलाय, कळतंय मला. पण मी मारण्यासाठी नाही. उशीला मार." आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरी वाट. वेळ संपण्याआधी पाच मिनिटे सांगा. नंतर "बाहुलीला का मारलंस?" अशी उलटतपासणी नको. आणि मुलाने दंगा केला म्हणून शिक्षेदाखल हा अर्धा तास कापू नका. ज्या आठवड्यात ते बिनसलेले असते, त्याच आठवड्यात त्याला याची गरज असते. ज्या घरात वडील बोटीवर किंवा आखातात आहेत, तिथे आजी-आजोबांनीही हे जरूर करावे. खाली बसवत नसेल तर खाटेवर बसूनही चालते.

मात्र झोप-जेवण कित्येक आठवडे बिघडले, मूल मरणाच्या गोष्टी बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा कोणी त्याच्याशी गैरवर्तन केल्याची शंका आली, तर घरच्या खेळावर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना आणि बालसमुपदेशकाला भेटा. अंथरूण ओले होणे किंवा पोटदुखी यांचे कारण शरीरातही असू शकते, म्हणून ती तपासणी आधी करून घ्या. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही.