चार मिलिअँपिअरचा कानमंत्र

भाच्या, परवा फोनवर म्हणालास, "मामा, गळीत हंगाम संपला, आता दिवाळीपर्यंत रिटेन्शन भत्त्यावर बसायचं. त्यापेक्षा गल्फ गाठतो, पुढं कॅनडाचं बघतो." जा की. मी आडवा येणार नाही. अकरा वर्षं सौदीत जुबैलला काढून नांदेडला परतलोय. तिथं ठेचा लागून जे शिकलो, तेवढं ऐकून जा.

आधी नाव बघ. तुझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर शेवटी, आणि बापाच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं निराळं. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, शिक्का मारणाऱ्याला दोन दिसतात. मार्कशीट, ट्रेड सर्टिफिकेट, अप्रेंटिसशिपचा कागद आणि पासपोर्ट ओळीनं मांड आणि अक्षर न् अक्षर जुळव. ही दुरुस्ती तुझ्या लातुरात बसून होते, दम्मामहून करायला गेलास तर जीव जातो. कोणत्या देशाला कोणता शिक्का लागतो तेही आधीच विचार. सौदीला 2022 पासून अपोस्टिल चालतं.

आता एजंट. तू दहावी पास आहेस, म्हणून तुझ्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. त्यावर निर्धास्त होऊ नकोस. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला पाहिजेच. त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघ. त्याची फी कायद्यानं जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी. दीड-दोन लाख मागणाऱ्याला लांबूनच रामराम कर. पावती नाही तर पैसा नाही. आणि "आधी व्हिजिटवर जा, तिकडं बदलून देऊ" असं कुणी म्हणालं, तर उठून चालू लाग.

माझी चूक सांगतो. माझ्या करारावर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतं, व्हिसावर अरबीत काय लिहिलंय ते मी वाचून घेतलं नाही. उतरल्यावर कळलं, मी कागदावर मजूर! काम ट्रान्समीटरचं, इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मजुरी. ते बदलून घेण्यात दोन वर्षं गेली. म्हणून व्हिसावरचा हुद्दा कुणाकडून तरी वाचून घे. पगार विचारताना बेसिक किती, ओव्हरटाइम कसा धरतात, राहणं-जेवण कुणाचं, घरी यायचं तिकीट किती महिन्यांनी, हे वेगवेगळं विचार. एकच मोठा आकडा सांगतात, त्यात सगळं दडलेलं असतं.

मुंबईला ट्रेड टेस्ट होईल. साखर कारखान्यात काम केलं म्हणून खाली मान घालू नकोस. बॉयलरच्या ड्रमची पातळी, वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटर, या तिन्हींवर चालणारा थ्री एलिमेंट कंट्रोल तू रोज बघितलायस. रिफायनरीतला बॉयलरही त्याच तत्त्वावर चालतो. पीटी-100 शून्य अंशाला 100 ओहम, शंभर अंशाला 138.5, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. हार्ट कम्युनिकेटर बोलत नसेल तर लूपमध्ये 250 ओहम आहेत का ते आधी बघ. थ्री व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड हातात देतील. तिथं घाई करू नकोस. इक्वलायझर उघडा असताना दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह एकदम उघडे राहता कामा नयेत. वाफेच्या लाइनवर तसं झालं, तर इम्पल्स ट्यूबमध्ये साचलेलं पाणी वाहून जातं आणि जळती वाफ थेट ट्रान्समीटरवर येते. परीक्षक तुझ्या तोंडाकडं नाही, हाताच्या क्रमाकडं बघत असतो.

भाषेची धास्ती नको. नांदेड 1948 पर्यंत निजामाकडं होतं. म्हणूनच आपल्या गल्लीत उर्दू कानावर पडते, ती गल्फमध्ये कामाला येते. पाकिस्तानी फोरमनशी माझं पहिल्याच दिवशी जमलं ते तिच्यामुळं. पण काम सुरू करण्याआधी मिळणारं सुरक्षेचं वर्क परमिट इंग्रजीतच वाचायचं आणि समजल्याशिवाय सही करायची नाही.

कॅनडा मनात असेल तर तयारी आजपासून कर. तिथल्या सरकारी यादीत आपल्या कामाचा क्रमांक 22312, आणि आपल्या ट्रेडला रेड सील ही मान्यता आहे. कंपनी सोडताना नुसतं "वागणूक चांगली" असं पत्र घेऊ नकोस. हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि हातानं केलेली कामं, सगळं लेटरहेडवर लिहून घे. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला की मग पत्र कुणाकडं मागणार?

पैशाचं थोडक्यात. शेत गहाण टाकू नकोस. बँकेत एनआरई खातं उघड. पहिल्या वर्षी गावात बंगल्याचा पाया खणू नकोस.

शेवटचं. टेस्टला हमखास विचारतात, सिग्नल शून्यापासून का नाही, चारपासून का? तू सांगशील, टाकी रिकामी असली तरी चार मिलिअँपिअर येतात, शून्य आलं म्हणजे तार तुटली. बरोबर. मी पहिल्या वर्षी घरी सांगण्यासारखं काही नाही म्हणून चार महिने फोनच केला नव्हता. तुझ्या आजीनं अन्न टाकलं होतं. पगार झाला नसला, काम सुटलं असलं, तरी शुक्रवारी आईला फोन कर. "आई, काही विशेष नाही," एवढंच म्हण. तिचे चार मिलिअँपिअर तेच.