पाण्याचा हिशेब : अल्पभूधारकाने तो कसा मांडावा?

१९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर एक अभ्यासपूर्ण निबंध प्रसिद्ध केला. शेत किफायतशीर आहे की नाही, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीला श्रम, भांडवल आणि इतर साधने कोणत्या प्रमाणात लाभतात यावरून ते ठरते, हा त्यातील गाभ्याचा विचार. आपल्या अवर्षणप्रवण मुलखात या साधनांत पहिला मान पाण्याचा. आपल्या शाळेतील कित्येक मुले एक-दोन एकरांच्या घरांतून येतात. म्हणून पाणी मोजण्याची रीत प्रत्येक घरी माहीत असणे अगत्याचे आहे.

प्रथम एकक समजून घेऊ. पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो; पिकाची तहानही त्याच मापाने मोजावी. एक गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०१ लिटर आणि एका एकरावर सुमारे ४,०४७ लिटर.

आता पिकाची रोजची गरज. हवामान केंद्रावरील उघड्या पात्रातून रोज किती पाणी उडून जाते, याची नोंद ठेवली जाते. त्या आकड्यास साधारणतः ०.७ ने गुणावे आणि येणाऱ्या उत्तरास पीक गुणांकाने गुणावे. हा गुणांक वाढीच्या अवस्थेनुसार बदलतो. कांद्यासाठी तो आरंभी ०.७, भर वाढीत १.०५ आणि अखेरीस ०.७५ च्या आसपास असतो.

उदाहरण घेऊ. रब्बी कांदा भर वाढीत आहे व पात्रातील बाष्पीभवन रोज ६ मिलिमीटर आहे असे धरू. ६ × ०.७ × १.०५ म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटर. एका एकरास रोज जवळजवळ १८,००० लिटर.

ही पिकाची गरज झाली. विहिरीतून उपसा याहून अधिक करावा लागतो, कारण पाटात व साऱ्यांत काही पाणी मुरते, काही वाया जाते. साऱ्यांनी दिलेल्या पाण्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर रोजचा उपसा ३०,००० लिटर होतो. ठिबकाची ९० टक्के धरली, तर २०,००० लिटर पुरतात.

पाळी किती दिवसांनी द्यावी, हे जमीन सांगते. मध्यम जमिनीत कांद्याच्या उथळ मुळांच्या थरात पिकाला घेता येण्याजोगे ६० मिलिमीटर पाणी मावते असे समजू. त्यातील एक तृतीयांश, म्हणजे २० मिलिमीटर, संपण्याआधी पाणी मिळावे. रोज ४.४ खर्च होतात. म्हणून चार दिवसांची पाळी. या काळात पाऊस झाल्यास जेवढा जमिनीत मुरला तेवढा वजा करावा.

पंपाचे मोजमाप घरीच होते. २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरले, तर पंप तासाला १८,००० लिटर देतो. साऱ्यांतील चार दिवसांच्या पाळीसाठी सुमारे १,२०,००० लिटर, म्हणजे साधारण पावणेसात तास उपसा लागेल.

खरा निर्णय यानंतरचा आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार दिवसांत तीन मीटर पाणी चढत असेल, तर हाती ८५,००० लिटर येतात. साऱ्यांनी त्यात २८ गुंठेच भिजतील. ठिबकाने एक एकर निभेल. हे गणित रोपे लावण्यापूर्वी केले, तर बारा गुंठे माघ-फाल्गुनात वाळणार नाहीत आणि बियाण्याचे कर्ज अंगावर येणार नाही. उन्हे वाढतात तसे बाष्पीभवन वाढते आणि विहिरीचा झरा आटतो. म्हणून आकडे दर पंधरवड्याने नव्याने मांडावेत.

मोजलेले पाणीच न्यायाने वाटता येते, याचा दाखला पुरंदर तालुक्यातील नायगावात मिळतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणसांवर ठरला : दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. ऊस वर्ज्य ठरला. एका पिकाला किती पाणी लागते हे ठाऊक असल्याखेरीज असा नियम उभाच राहू शकत नाही.

पालकांना विनंती इतकीच : सुटीत मुले घरी आली की त्यांच्या हाती वही द्या, पिंप भरण्याचा वेळ घेऊ द्या, विहिरीचा दोर मोजू द्या. आपल्या शिवारातील पाण्याचा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याला आपला वाटाही मागता येतो.