योगाचे मार्ग अनेक, आपला कोणता?

‘डॉक्टर, खरा योग कोणता?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. कोणी टीव्हीवर पाहून कपालभाती सुरू करतो, कोणी शीर्षासनाचा हट्ट धरतो, तर कोणी म्हणतो, ‘मी नामस्मरण करतो, मला आसने कशाला?’ वाचकहो, आपल्या परंपरेने सर्वांना एकच मार्ग कधीच सांगितला नाही. त्यातील काही मार्ग तर आपल्या सातारा-सांगली भागातच रुजलेले आहेत.

शरीराचा मार्ग : औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातील शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी व कुंडल ही गावे तेव्हा औंध संस्थानातच होती. १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. ‘हठप्रदीपिके’त सूर्यनमस्कार नाहीत. उपासना आणि तालीम या दोन्हींतून ते आपल्याकडे आले. तरुणांना व निरोगी माणसांना हा मार्ग उत्तम. सुरुवात तीन नमस्कारांनी करावी आणि हळूहळू बारापर्यंत जावे.

भक्तीचा मार्ग : माण तालुक्यातील गोंदवल्याच्या श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) प्रपंची माणसाला नामस्मरण सांगितले. त्याला वय, पैसा, जागा काही आड येत नाही. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास आला होता. माळेवरची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असे त्यात दिसले. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. संथ श्वासाने मनाचा ताण हलका होतो.

ज्ञानाचा व कर्माचा मार्ग : वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील नारायणशास्त्री मराठे हे पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. त्यांचे आयुष्य शास्त्रचिंतनात गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबांच्या मुलांसाठी देह झिजवला. फळाची आशा न धरता केलेले काम हाही योगच, असे गीता सांगते.

मार्ग न ओळखता चालल्यास काय होते, हे एका रुग्णावरून सांगतो. विट्याकडचे साठीतले एक शेतकरी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. एका शिबिरात जाऊन आल्यावर ‘आता योग करतो’ म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि श्वास कोंडून धरण्याचा अभ्यास सुरू केला. आठवड्यातच चक्कर येऊन ते गोठ्यात पडले. वेळीच आणले म्हणून निभावले. आता गोळ्या नियमित आहेत, सकाळी सोपी आसने आणि संध्याकाळी संथ श्वासावर जप चालतो. झोप चांगली लागते, असे ते सांगतात.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असल्यास शीर्षासन करू नये व श्वास कोंडून धरू नये.

२. हर्निया असल्यास किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास कपालभाती डॉक्टरांना विचारूनच करावी.

३. गुडघे किंवा कंबर दुखत असल्यास नमस्कारांचा आग्रह नको. खुर्चीत बसूनही प्राणायाम होतो.

४. जेवणानंतर किमान तीन-चार तास आसने करू नयेत.

५. चालू औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

शेजाऱ्याला मानवलेला मार्ग आपल्याला मानवेलच असे नाही. प्रकृती, वय आणि स्वभाव पाहून एक मार्ग निवडावा आणि तो रोज, थोडा का होईना, चालावा.