पोस्टाचा शिक्का मोजत नाहीत

अगं, फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतेय. वकील नसलेल्यांच्या अपिलांना हात लावायला निघालीस, बरं केलंस. अमेरिकेत इमिग्रेशनच्या खटल्यात सरकार स्वतःच्या खर्चाने वकील देत नाही; त्यात कोविडच्या काळात भेटीगाठीही बंद झाल्या होत्या. पण तू-मी वकील नाही. कुठला मुद्दा लढवायचा, हे मान्यताप्राप्त संस्थेतल्या ॲक्रेडिटेड प्रतिनिधीला विचारायचं. आपल्याकडे तारखा, कागद, भाषांतर.

तारखेचं आधी. निकालापासून ३० दिवस, तेही शनिवार-रविवार धरून. तेवढ्यात ईओआयआर-२६ फॉर्म व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्चला, अपील बोर्डाच्या ऑफिसात पोचलेला हवा. पोस्टात कधी टाकला, याला किंमत नाही. कोर्टाच्या सुनावण्या पुढे ढकलल्या की अपिलाची मुदतही वाढली असेल, असं लोक धरून चालतात. ती आपोआप वाढत नाही. कुरियर रखडू शकतं, तेव्हा विसाव्या दिवशी पाकीट निघालेलं असू दे. डिटेन्शनमधला माणूस असेल तर आणखी आधी. तिथे बराकीला क्वारंटाइन लागलं की साधी झेरॉक्स मिळणं मुश्कील. आणि निकाल अजून लागायचा असेल तर सांगून ठेव: न्यायाधीश अपिलाबद्दल विचारतील, तेव्हा हक्क राखून ठेवतो म्हणायचं. घाबरून ‘नको’ म्हटलं की सगळं तिथेच संपलं.

फी २०२५ पर्यंत ११० डॉलर होती; आताचा आकडा भरण्याआधी बघून घे. झेपत नसेल तर फी-माफीसाठी ईओआयआर-२६ए भरायचा. अपिलाची एक प्रत सरकारी वकिलांच्या ऑफिसला. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर, आणि भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र.

खरी मेख फॉर्मच्या आत आहे. अपिलाची कारणं लिहायच्या जागी ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलं तर बोर्ड अपील सरसकट फेटाळू शकतं. न्यायाधीश नेमके कुठे चुकले, ते हवं. खाली एक चौकट असते, लेखी युक्तिवाद देणार का? वजन पडेल म्हणून सगळे ‘हो’वर खूण करतात. मग तो दिलाच नाही आणि का दिला नाही तेही कळवलं नाही, तर तेवढ्यावरूनही अपील जाऊ शकतं. मावशी काय एवढं बारीक बघते, म्हणशील. पण बोर्डापुढे सहसा माणूस उभा राहत नाही, नुसते कागद बोलतात.

नोकरी गेली, खोली सोडली, तर नवा पत्ता पाच कामाच्या दिवसांत बोर्डाला कळवायचा. लोक मित्राकडे झोपायला जातात आणि पत्रं जुन्या दारात पडून राहतात.

आणखी एक, सांगायला जड जाईल असं. इकडे अपील चालू आणि तिकडे आई-वडील ऑक्सिजनवर, असे फोन तुला येतील. अपील प्रलंबित असताना देश सोडला, की बहुतेकांच्या बाबतीत ते मागे घेतलं असंच धरलं जातं. जा किंवा जाऊ नको, यातलं काहीच बोलू नकोस. एवढा नियम सांग, आणि तिकीट काढण्याआधी प्रतिनिधीला तिघांच्या कॉलवर घे.