यू-बोल्ट आवळताना गाडी चाकांवर असू द्या

जुन्या अँबॅसिडरच्या मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग खोलायचं म्हटलं की मालकाचा जीव अडकतो तो क्राऊन-पिनियनमध्ये. ते साहजिकच आहे. २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला आणि तेव्हापासून चांगली जोडी मिळवण्यासाठी हिंडावं लागतं. पण क्राऊन-पिनियन अगदी बिनचूक बसलं तरी गाडी घाटात दगा देऊ शकते. हाऊसिंगला पाट्यांशी बांधून ठेवणारे चार यू-बोल्ट नीट आवळलेले नसले की पुरे.

आमची मार्क फोर. पिनियनचं सील गळायचं, वेग वाढला की मागून घरघर यायची. पाट्यांचे बुशही गेले होते, म्हणून नगरच्या एका गॅरेजात अख्खं हाऊसिंगच खाली घेतलं. नवी जोडी पडली, घरघर गेली. पुढे सगळे मिळून मोहटादेवीला गेलो. येताना करंजीचा घाट चढत होतो. पुढच्या ट्रकमुळे थांबलो, पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि मागून ‘खट्ट’ आवाज आला. ब्रेक दाबला, पुन्हा ‘खट्ट’. गाडी एका अंगाला ओढ घेत होती. उतरून पाहिलं तर डावं मागचं चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध नव्हतं, मागे सरकलं होतं. तिथून सगळ्यांना दुसऱ्या गाडीने घरी पाठवलं आणि अँबॅसिडर टेम्पोवर चढवून आणली.

भिंगारमध्ये लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटरकाका आहेत. त्यांनी आधी नटांवर बोट फिरवलं. बोटाला तांबूस, बारीक पूड लागली. “भाऊ, हा साधा गंज नाही. लोखंडावर लोखंड घासलंय.” यू-बोल्ट सोडल्यावर सेंटर बोल्टचं डोकं तुटून हातात आलं आणि हाऊसिंगच्या बैठकीवर पाटा घासून चकचकीत पट्टा पडलेला दिसला.

गॅरेजात झालं होतं असं. बॉडीखाली घोड्या, चाकं लोंबकळती, आणि त्याच अवस्थेत नट शेवटपर्यंत आवळलेले. गाडी चाकांवर आली, वजनाने पाटे सपाट झाले, मधलं रबर दबलं, पानांमधली माती आणि रंग चिरडला गेला. आवळ ढिला पडला. मग गाडीला पुढे ढकलणारा आणि ब्रेकने मागे खेचणारा सगळा जोर एकट्या सेंटर बोल्टवर आला. तो बोल्ट जागा दाखवण्यापुरता असतो. हाऊसिंग धरून ठेवायचं काम यू-बोल्टच्या दाबाचं आहे. क्लच सोडताना हाऊसिंग स्वतःभोवती पीळ घेतं, पिनियनचं तोंड वर उचलतं. आवळ ढिला असेल तर हा पीळ दर वेळी हिसक्यासारखा बसतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉसही खातो.

म्हणून काम करून घेताना समोर उभे राहा. बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ झाली का, सेंटर बोल्टचं डोकं भोकात पूर्ण बसलं का, हे स्वतः पाहा. यू-बोल्ट नवे घ्या, एकदा ताणलेल्यांवर भरवसा ठेवू नका. नट तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळायचे, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं नाही. शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पाना लावून द्यायचा. पाट्यांच्या बुशच्या बोल्टांनाही हाच नियम, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

आवाज ओळखता आला तर निम्मा खर्च वाचतो. वेगात रेस देताना किंवा सोडताना सूर बदलणारी घरघर असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर. वळणावर कमी-जास्त होणारी गुरगुर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. क्लच सोडताना एकच ठोका बसला तर क्रॉस, ॲक्सलचे दाते आणि यू-बोल्ट हे तिन्ही पाहायचे, आणि यू-बोल्ट आधी, कारण त्याला फक्त पाना लागतो.

जोडी नवी असेल तर दातांना रंग लावून फिरवून दाखवायला सांगा. ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. या गाडीचं पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसतं, त्यामुळे दात एकमेकांवर घासत सरकतात. तिथे साधं गिअर ऑइल चालत नाही, जीएल-५ दर्जाचं ईपी ९० हवं, गाडी सपाटीवर ठेवून तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. हाऊसिंगचा ब्रीदर मातीने बुजला असेल तर नवं सीलही गळणार.

घरी काम करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. हाऊसिंग फार जड असतं. विटा, दगड किंवा नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नये.

हाऊसिंग नुकतंच चढवलं असेल तर पहिल्या तीन-चारशे किलोमीटरनंतर चारही यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. घाटाचा प्रवास त्यानंतरच ठरवा.