आधी जागा विचार, मग यंत्र

चि. सायलीस,


वाचनालयाच्या ॲपचा तुझा आराखडा पाहिला. त्यात सुरुवातीलाच तीन फाटे फोडले आहेस: फोन असेल तर तळाशी टॅब, टॅबलेट असेल तर डाव्या कडेला आयकॉनची उभी पट्टी, डेस्कटॉप असेल तर नावांसकट पूर्ण साइडबार. तिन्ही मांडण्या चांगल्या आहेत, घोळ आहे तो अटीत. ॲपने यंत्राला ‘तू कोण’ असे विचारूच नये. ‘आत्ता मला जागा किती दिली आहेस’ एवढेच विचारावे. ईथन मार्कॉटने 2010 मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख लिहिला, तो याच विचाराचा. वेबच्या मंडळींना ते लवकर पटले, कारण ब्राउझरची विंडो वाटेल तशी ओढता येते हे ती रोज पाहत होती. मोबाइलवाल्यांच्या डोक्यात मात्र ॲप म्हणजे अख्खी स्क्रीन हे समीकरण घट्ट बसले आणि ते मोडत गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. 2015 च्या आयओएस 9 ने आयपॅडवर दोन ॲप शेजारी बसवली, 2016 च्या अँड्रॉइड 7 ने तीच सोय फोनवरही दिली, पुढे घडीचे फोन आले. आयपॅडच्या एक तृतीयांश रुंदीत उघडलेले तुझे ॲप स्वतःला टॅबलेट समजून पट्टी उभी करील आणि पुस्तकांच्या नावांना श्वास घ्यायलाही जागा उरणार नाही. मॅकवर कोणी विंडो अरुंद केली तर साइडबारच अर्धी विंडो खाईल. गुगलने तर अँड्रॉइड 16 साठी बांधलेल्या ॲपांची, खेळ वगळता, ‘मला उभेच ठेवा, माझा आकार बदलू नका’ ही विनंती 600 डीपी आणि त्याहून रुंद स्क्रीनवर मानायचेच सोडून दिले आहे.

आता रुंदी कुठे तोडायची? मटेरिअल डिझाइन 600 आणि 840 डीपी सांगते. विंडोजचा नेव्हिगेशनव्ह्यू मुळात 641 आणि 1008 पिक्सेलवर बदलतो. दोन मोठ्या कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत, यावरून तू एवढेच घ्यावेस की आकडा हा वेदवाक्य नाही. तो तुझ्या मजकुरावर तपासून घे, आणि तुझा मजकूर मराठी आहे. 360 डीपीच्या फोनवर पाच टॅब म्हणजे प्रत्येकाला 72 डीपी. सभासदाने अक्षरे मोठी केली की ‘नियतकालिके’ तिथे मावत नाही. ‘मासिके’ लिही, किंवा सरळ चारच टॅब ठेव. टॅबच्या पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांच्या बेताने बांधू नकोस, नाहीतर वेलांटी वर कापली जाते आणि उकार खाली.

रुंदीप्रमाणे काय बदलायचे यापेक्षा काय बदलू द्यायचे नाही, हे ठरवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शोध, देवघेव, मासिके, माझे खाते या मुक्कामांची यादी कोडमध्ये एकाच ठिकाणी असावी. नावे तीच, क्रमही तोच. टॅब, पट्टी आणि साइडबार ही त्या एकाच यादीची तीन रूपे. फोनवर ‘माझे खाते’ आणि डेस्कटॉपवर ‘प्रोफाइल’ असे झाले की माणसाने एकदा शिकलेले दुसरीकडे फुकट जाते. तेवढेच महत्त्व माणूस आत्ता कुठे आहे याला. घडीचा फोन उलगडला तर उघडलेले पुस्तक, यादीतली जागा, शोधात अर्धवट टाइप केलेले नाव, सगळे जसेच्या तसे राहिले पाहिजे. फ्लटरमध्ये लेआउटबिल्डरच्या आत प्रत्येक रुंदीला वेगळे झाड उभे केलेस तर रूप बदलताना जुन्या विजेटांची अवस्था पुसली जाते; म्हणून निवडलेला मुक्काम आणि शोधाचा मजकूर या फाट्याच्या वर धरून ठेव. रुंद विंडोत यादी आणि पुस्तकाचा तपशील शेजारी दिसत असताना विंडो आक्रसली, तर पुढे तपशील यावा आणि ‘मागे’ दाबल्यावर यादी. हे आधी कागदावर काढ. कोडमध्ये सुचेल तसे करत गेल्यास ‘मागे’ सभासदाला भलतीकडेच नेऊन सोडते.

तू म्हणशील, मग सगळीकडे तीन रेघांचा मेनूच का नको? एकच कोड, कुठल्याही रुंदीत बसतो. ते चिन्ह नॉर्म कॉक्सने 1981 च्या झेरॉक्स स्टारसाठी काढले, म्हणजे त्याच्या वयाविषयी तक्रार नाही. पण नीलसन नॉर्मन ग्रुपने 2016 मध्ये घेतलेल्या चाचणीत लपवलेला मेनू लोकांनी कमी वापरला, आणि डेस्कटॉपवर तर फारच कमी. जागा नसताना लपवणे ही तडजोड झाली. जागा असताना लपवणे हा निव्वळ आळस. वर्गणीचे नियम, सेटिंग्ज असे क्वचित लागणारे तिथे खुशाल टाक.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्मचे रीतिरिवाज वेगळे, मग यंत्र विचारायचे नाही कसे? काही बाबतीत विचारावेच लागते, हे मान्य. अँड्रॉइड 10 पासून दोन्ही कडांवरून बोट सरकवणे म्हणजे ‘मागे’, त्यामुळे डाव्या कडेतून ओढायचा ड्रॉवर तिथे आपटतो. मॅकवर वरच्या मेनूबारमध्ये आज्ञा सापडल्या पाहिजेत आणि कमांड-स्वल्पविराम दाबल्यावर सेटिंग्ज उघडली पाहिजेत. पण हे सगळे रिवाजाचे प्रश्न. मांडणीचा प्रश्न रुंदीचाच राहतो. बोट की माउस, हा तिसरा स्वतंत्र प्रश्न. टॅबलेटला माउस जोडता येतो, विंडोजच्या लॅपटॉपला टच असतो. म्हणून विंडो रुंद झाली या कारणाने बटणे बारीक करू नकोस. अँड्रॉइडचे 48 डीपी आणि ॲपलचे 44 पॉइंट हे बोटासाठी आहेत. स्टीव्हन हूबरने 2013 मध्ये फोन वापरणाऱ्यांच्या 1333 नोंदी केल्या, त्यांत स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी 49 टक्क्यांनी तो एकाच हातात धरला होता. फोनवर तळाचे टॅब का, याचे उत्तर त्यात मिळते. दोन्ही हातांनी धरलेल्या मोठ्या टॅबलेटवर तळाचा मध्यभाग अंगठ्यापासून लांब जातो, तिथे कडेची पट्टी बरी. (ॲपलने आयपॅडओएस 18 मध्ये टॅब वर नेले. मला ते अजून पटलेले नाही.)

‘आपले सभासद फोनच वापरतात, बाकीचे नंतर पाहू’, हेही तुझ्या मनात असेल. मात्र देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या ग्रंथपालापुढे डेस्कटॉप असतो, आणि समोर रांग असताना त्याला कीबोर्डवरूनच ‘शोध’ गाठायचा असतो. शिवाय ज्येष्ठ सभासदांचा विचार कर. ब्राउझरमध्ये 1280 पिक्सेल रुंद विंडो 400 टक्के मोठी केली की हाती 320 पिक्सेल उरतात. 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 मधला रिफ्लोचा निकष याच हिशोबावर उभा आहे. म्हणजे ज्याला अंधुक दिसते त्याचा डेस्कटॉप तुझ्या कोडच्या दृष्टीने फोन झाला पाहिजे, आणि ‘डेस्कटॉप असेल तर साइडबार’ ही अट नेमकी त्याचीच वाट अडवते.

तेव्हा पुढचा आराखडा पाठवण्याआधी एक कर. एखादे पुस्तक उघडे ठेव, शोधाच्या चौकटीत अर्धे नाव टाइप कर आणि विंडोची उजवी कड हळूहळू आत ओढत ये. कुठल्या रुंदीला काय तुटते ते टिपून मला कळव. चित्रे सुबक नसली तरी चालतील.

तुझा,
मामा