कॉकापू : एका लहान संकरज कुत्र्याचा परिचय व निगा

मनुष्यानें माणसाळविलेल्या प्राण्यांमध्यें कुत्र्याइतका जुना सोबती दुसरा नाहीं. मेंढ्या राखणें, शिकार करणें, पहारा देणें, अशा निरनिराळ्या कामांसाठीं निवड करीत करीत मनुष्यानें कुत्र्याच्या शेंकडों जाती निर्माण केल्या. कांहीं कुत्रे मात्र केवळ संगतीसाठीं पाळतात. त्यांपैकीं इंग्लंड-अमेरिकेंत अलीकडे फार लोकप्रिय झालेला लहान कुत्रा म्हणजे कॉकापू होय.

कॉकापू हा कॉकर स्पॅनिएल व पूडल ह्या दोन जातींचा संकर असून त्याचें नांवही दोहोंच्या नांवांचे तुकडे जोडून बनविलेलें आहे. कॉकर हा झुडुपांतील पक्षी उठविणारा शिकारी कुत्रा. पूडल आज दिवाणखान्याची शोभा समजला जातो. परंतु मूळचा तोही पाण्यांत पडलेलें सावज पोहून आणणारा होता. संकरासाठीं बहुधा पूडलचा ठेंगणा प्रकार घेतात. दोन्हीं कुळें कामकरी असल्यामुळें त्यांची संतति चपळ, बुद्धिमान् व प्रेमळ निघावी यांत नवल नाहीं.

तथापि सर्व कॉकापू एका सांच्यांतून काढल्यासारखे नसतात. एकाच विणीच्या पिलांत एकाचे केस कुरळे, दुसऱ्याचे नुसते लहरदार, असें आढळतें. पुढें कॉकापूचा कॉकापूशींच संबंध घडविला, तर हें वैचित्र्य अधिकच वाढतें. ग्रेगोर मेंडेल ह्या मठवासी संशोधकानें 1866 सालीं वाटाण्याच्या झाडांवरील प्रयोग प्रसिद्ध करून जो आनुवंशिकतेचा नियम दाखविला, तोच येथेंही लागू पडतो.

ह्या नियमाचा संबंध केवळ केसांशीं नाहीं. डोळ्यांतील पडदा हळूहळू क्षीण होऊन अंधत्व आणणारा एक आनुवंशिक रोग कॉकर व पूडल ह्या दोन्हीं जातींत आढळतो. दोष आईकडून व बापाकडून, असा दोहोंकडून आला तरच पिलूं आंधळें होतें. एकाकडून आला तर तो गुप्त राहतो. म्हणून आईबाप वरून निरोगी दिसले, तरी दोघांतही दोष गुप्त असल्यास प्रत्येक पिलास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. संकर केला कीं दोष आपोआप जातात, हा समज म्हणूनच खरा नव्हे. लंडनच्या रॉयल व्हेटेरिनरी कॉलेजनें 2024 सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींतही अशा संकरज कुत्र्यांचें आरोग्य मूळ जातींहून एकंदरींत फारसें निराळें दिसलें नाहीं. गुप्त दोष डीएनए परीक्षेनें ओळखतां येतो. ती आईबापांची आधींच करून घेणें हें पैदास करणाराचें कर्तव्य होय.

दुसरा समज असा कीं, ह्या कुत्र्याचे केस कमी गळतात, म्हणून दमेकऱ्यास त्याची बाधा होत नाहीं. वस्तुतः बाधा केसांपेक्षां लाळेंतील व कातडीच्या कोंड्यांतील द्रव्यांमुळें होते, आणि तीं प्रत्येक कुत्र्यांत असतात.

आतां निगेविषयीं. केस गळत नाहींत, म्हणजे ते वाढत जातात व त्यांच्या जटा होतात. त्या कातडी ओढतात व खालीं जखमा होतात. म्हणून रोज मुळापर्यंत फणी फिरवावी व सुमारें सहा ते आठ आठवड्यांनीं केस कातरावे. लोंबत्या कानांत ओल राहून कान पिकतात. सबब स्नानानंतर व पोहून आल्यावर ते पुसून कोरडे करावे. रोज फिरावयास न्यावें व खेळवावें, नाहींतर त्याची चपळाई घरांतील वस्तूंचा नाश करण्यांत खर्च होते. चॉकोलेट, द्राक्षें, मनुका व कांदा हे पदार्थ त्यास विषारी आहेत, हें मुलांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. त्याला एकांत सोसत नाहीं. लहानपणापासून थोडा थोडा वेळ एकटें राहण्याची संवय लावावी.

मागणी वाढली कीं लोभ वाढतो. इंग्लंडांत पिंजऱ्यांतून कोंडून पैदास करविलेल्या कुत्रींचे हाल उघडकीस आले, व अशाच ठिकाणाहून सुटका झालेल्या लूसी नांवाच्या कुत्रीच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा एप्रिल 2020 मध्यें अमलांत आला. त्यानें सहा महिन्यांखालील पिलें मध्यस्थ व्यापाऱ्यानें विकण्यास बंदी झाली. पिलूं घेणाऱ्यानें तें आईजवळ असतांनाच पाहावें, हा त्यांतील धडा सर्वत्र उपयोगी आहे.

असा कुत्रा पुष्कळदां बारा-तेरा वर्षें किंवा त्याहूनही अधिक जगतो. पांचवींतील मुलानें आज पिलूं आणलें, तर त्याचें शिक्षण संपेपर्यंत तें त्याच्याच आश्रयास असावयाचें. पिलाचें रूप पाहून मोह होणें सोपें आहे. परंतु परीक्षेच्या दिवसांतही फणी फिरविण्यास व त्यास फिरवून आणण्यास ज्याची तयारी असेल, त्यानेंच ही जबाबदारी पत्करावी.